1998 ची झेन, एस्टीमचं इंजिन आणि 110 बीएचपीचा हट्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1998 ची मारुती झेन, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल-हवा मिसळायची जुनी पद्धत), दारात उभी आहे, इंजिन तेल पितंय. म्हणून ते उतरवून मारुती एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन नव्याने बांधून बसवायचं, त्यातून 110 बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप) काढायचे आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची. सुरुवात कुठून करू?

मी हे इंजिन एका झेनमध्ये बसवलेलं आहे. ती गाडी ऑटोक्रॉसची (मैदानात आखलेल्या वळणांवर वेळ लावून होणाऱ्या शर्यतीची) होती, ट्रॉलीवरून मैदानात जायची आणि ट्रॉलीवरूनच घरी यायची. रोजच्या वापराला माझ्याकडे दुसरी झेन आहे. तिच्यात तिचंच 993 सीसीचं इंजिन आहे, तेही मी उघडून पुन्हा बांधलंय. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात या दोन गाड्या एकमेकींत मिसळल्यात.

कागदाचं आधी उरकू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसीही असते. 993 चे 1298 झाले की संपलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा असाच कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182-अ हे कलम आलं: दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला स्वतःला दंडापेक्षा विम्याची भीती जास्त वाटते. अपघातात कुणाला लागलं आणि विमा कंपनीच्या सर्व्हेयरने बॉनेट उघडलं, तर पुढचं तुम्ही जाणता. शिवाय 15 वर्षं उलटलेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. म्हणजे तुमची 2028 च्या सुमाराला पुन्हा आरटीओच्या मैदानात उभी राहणार, तेव्हा तिथला माणूस इंजिन नंबर वाचणारच.

झेनचंच, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बसवता येतं आणि त्याचा नंबर आरसीवर चढवता येतो. त्यासाठी इंजिनाची रीतसर पावती लागते. कुर्ल्याच्या भंगारातून पावतीशिवाय उचललेलं इंजिन कुठल्या गाडीतून निघालंय, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्या भानगडीत पडू नका.

तर रोज ऑफिसला न्यायची असेल तर स्वतःचंच इंजिन नीट बांधा. 1.3 चं वेड असेल तर गाडी फक्त मैदानात, बंद ट्रॅकवर. यापुढचं मी दोन्हींसाठी लिहितोय, कारण कामाचा क्रम एकच आहे.

आता 110 चा आकडा. एस्टीमचं 16 व्हॉल्वचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन कंपनीकडून साधारण 85 बीएचपी देतं. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, शंभर ते एकशेदहा न्यूटनमीटरच्या आसपास, तोही साडेचार हजार आरपीएमला. बीएचपी काढायचं गणित सोपं आहे: न्यूटनमीटर गुणिले आरपीएम, भागिले 7121. उलट मोजा. 7000 आरपीएमला 110 बीएचपी हवेत तर त्या क्षणी इंजिनात 112 न्यूटनमीटर असले पाहिजेत. म्हणजे जो जोर कंपनीने साडेचार हजारला दिलाय, तो तुम्हाला सात हजारपर्यंत टिकवायचाय. नुसता एअर फिल्टर आणि मोठा सायलेन्सर लावून हे होत नाही. त्याला वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) लागतो, हेडचे पोर्ट (हवेच्या आणि धुराच्या वाटा) साफ करावे लागतात, हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) लागतो, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, मॅपिंग लागतं. आणि असा कॅम असलेली गाडी सिग्नलला उभी असताना मलेरिया झाल्यासारखी थरथरते, तीन हजारच्या खाली तिच्यात जीव नसतो. चांदणी चौकातल्या गर्दीत असली गाडी चालवून बघा, आठवड्यात विकायला काढाल.

झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. त्यात मूळचे 50 बीएचपी होते. कंपनीच्या मापाचं, निरोगी 85 चं इंजिन घातलं तरी गाडी ओळखू येत नाही. माझी मैदानातली गाडी 85 च्याच घरात होती आणि मला कधी कमी पडली नाही, कमी पडलो तो मीच.

कुणीतरी तुम्हाला जुन्या बलेनो सेडानचं 1.6 घाला असं नक्की सांगेल. ते 1590 सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) 75, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90 मिमी. 1.3 चा बोअर 74 आणि स्ट्रोक 75.5. सात हजार आरपीएमला 1.3 चा पिस्टन सेकंदाला सरासरी 17.6 मीटर धावतो, 1.6 चा 21 मीटर. जोर खालूनच येतो हे खरं, पण वर फिरवायची मजा 1.3 मध्ये आहे.

क्रमाबद्दल एकच हट्ट धरा: चालू गाडी उघडू नका. दुसरं इंजिन आणा, स्टँडवर चढवा, सगळं बांधून पूर्ण करा आणि मग एका शनिवार-रविवारी अदलाबदल करा. आधी गाडी उघडून मग सामान शोधणाऱ्यांच्या गाड्या मी गॅरेजच्या मागे वेलींनी झाकलेल्या पाहिल्यात. सुरुवात सगळ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत केलेली असते. रोजच्या गाडीचं स्वतःचंच इंजिन बांधणार असाल तर निदान मोजमाप होऊन सामान हातात येईपर्यंतच ती बंद राहील एवढं बघा.

आणि मोजल्याशिवाय एक वॉशरही विकत घेऊ नका. यात माझे पैसे गेलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी इंजिन आणलं तेव्हा विकणारा म्हणाला, "उघडलेलंच नाही." मी विश्वास ठेवला आणि 0.50 मिमी ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा, पिस्टन सेट मागवला. ब्लॉक पहिल्या मशिनशॉपमध्ये दिला. तिथे पिस्टन न मागताच नेहमीच्या मापाने बोअर करून ठेवला. मीही घाईत होतो, पिस्टन नंतर नेऊन दिले. इंजिन बांधलं, सुरू झालं, आणि गार असताना दोन सिलिंडरमधून टकटक. उघडून मोजलं तर त्या दोन्हींत पिस्टन आणि बोअरमध्ये नऊ शतांश मिलिमीटरची फट. ही फट शतांशात तीन-चार असायला हवी. मग कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे ब्लॉक घेऊन गेलो. त्यांनी बोअर गेज आत घातला, दोनदा फिरवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मालक, पोर बघायच्या आधीच अंगडं शिवलं व्हय?" 0.50 च्या पुढचा पिस्टन या इंजिनाला बाजारात मिळेना. शेवटी चारही स्लीव्ह (सिलिंडरच्या आतल्या लोखंडी नळ्या) बदलले, पुन्हा मूळ मापाला आणले, नवे पिस्टन घेतले. त्या वेळी मिस्त्रींनी चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजले, त्यांच्यावर आकडे टाकले आणि प्रत्येक बोअर त्या-त्या पिस्टनच्या मापाने केला.

या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी स्लीव्ह. एकदा पाणी संपून तापलेला असेल तर हेड वाकतं. सरळपट्टी आणि फिलर गेज लावून हेड बघा, पाच शतांशापेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग, म्हणजे तासून सपाट करणं. बोअर प्रत्येक सिलिंडरला तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजा. सगळ्यात जास्त झीज वर, रिंग जिथून परत फिरते तिथे असते. तिथली कड नखाला लागली तर रिबोअर (सिलिंडर आतून मोठा करणं) ठरलेला. आणि रिबोअरने ताकद वाढते हा गैरसमज काढून टाका: 74 चा 74.5 केला तर 1298 चे 1316 सीसी होतात. अठरा सीसीसाठी कुणी इंजिन उघडत नाही.

ताकद कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं त्यात असते, आणि ते घरी मोजता येतं. मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणा. ॲक्रिलिकच्या तुकड्याला भोक पाडा, हेडच्या चेंबरवर ग्रीस लावून तो चिकटवा आणि रॉकेलने चेंबर भरा. किती मिली गेलं ते लिहा. त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा खड्डा मिळवा. समजा सगळं मिळून 38 सीसी आलं. एका सिलिंडरची जागा 324.7. बेरीज 362.7, भागिले 38, उत्तर साडेनऊ. हेड तासून 36 वर आणलं तर दहा. रोजच्या गाडीला दहाच्या पुढे जाऊ नका. मेच्या उन्हात, एसी लावून, खंबाटकीच्या चढावर चौथ्यात पाय दाबल्यावर जे टणटण ऐकू येतं ते पिस्टन फोडतं. चारही चेंबर सारखे करणं हे कॉम्प्रेशन वाढवण्यापेक्षा जास्त मोलाचं.

मेन आणि बिग एंड बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) बघा, दोन ते चार शतांश. रॉडचे बोल्ट नवे घ्या, आरपीएम 6500 वरून 7000 केले तरी रॉडवरचा ताण 16 टक्क्यांनी वाढतो. होनिंग (बोअरला आतून बारीक चर पाडणं) झाल्यावर ब्लॉक डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन समाधान मानू नका. होनिंगची पूड त्याने निघत नाही, बोअरच्या चरांत बसून राहते आणि पहिल्या हजार किलोमीटरमध्ये नव्या रिंगा खाते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत घासा, मग लगेच तेल लावा, नाहीतर दहा मिनिटांत गंज चढतो. माझी बायको अजून त्या बादलीबद्दल बोलते.

इंजिनाच्या भोवतीचा खर्च लोक धरत नाहीत. माझ्या 2016 च्या वहीत इंजिनावर 72 हजार आहेत (स्लीव्हचा मूर्खपणा धरून) आणि बाकीवर 96 हजार. तुमची गाडी कार्बोरेटरची, म्हणजे तिचा पेट्रोल पंप इंजिनावर आणि कमी दाबाचा. एमपीएफआयला टाकीतला इलेक्ट्रिक पंप, जास्त दाब सोसणारे पाइप आणि परतीची लाइन लागते. सगळ्यात सोपं म्हणजे एमपीएफआय झेनची टाकी पंपासकट घेणं. वायरिंग तुकड्यांत घेऊ नका, इंजिनाबरोबर ईसीयू, सगळे सेन्सर आणि पूर्ण हार्नेस एकाच गाडीतून आणा, कनेक्टर न कापता. गिअरबॉक्स, क्लच आणि शाफ्टची लांबी जुळतेय का, ते इंजिन विकत घ्यायच्या आधी टेप लावून बघा. रेडिएटर मोठा. ब्रेक आणि टायर इंजिनाच्या आधी, यावर वाद नको.

हिंदुस्तान मोटर्सनेही काँटेसात आधी 1489 सीसीचं जुनं इंजिन घातलं होतं आणि नंतर इसुझूचं 1817 सीसीचं बसवलं, पण त्याबरोबर पाच गिअरचा नवा बॉक्सही दिला. कंपनीला जे टाळता आलं नाही ते तुम्हाला-मला गॅरेजमध्ये कुठून टाळता येणार?

अजून एक, हे तुमच्या मूळ इंजिनालाही लागू. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. 1998 च्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या डायफ्रामला हे मानवत नाही. सगळ्या नळ्या बदला. शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) गाडी उपाशी चालते आणि तापते. जेट थोडा मोठा करून, प्लगचा रंग बघत ठरवा.

सुरू करायच्या दिवशी प्लग काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा. मग प्लग लावून सुरू करा आणि वीस मिनिटं दोन हजारच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडून चहा प्यायला जाऊ नका. तेल साधं मिनरल. ते वीस मिनिटांनंतर काढा, पुढचं 500 किलोमीटरला. रिंगा बसायला भार लागतो: तिसऱ्या गिअरमध्ये जरा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. "हजार किलोमीटर हळू चालवा" हा सल्ला ऐकून हळूच चालवलेली इंजिनं जन्मभर तेल पितात.

तुमचं आत्ताचं इंजिन तेल पितंय म्हणता, पण कशामुळे? सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळा धूर येऊन थांबतो की चढावर येत राहतो? पहिलं असेल तर बहुतेक व्हॉल्व सील, तुलनेने स्वस्त काम. दुसरं असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा, आधी कोरडं आणि मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून. ते आठ आकडे मला पाठवा, मग पिस्टनचं बोलू.