नाशिकच्या थंडीत कुंडीतल्या अलामांडाची पानं पिवळी पडून गळताहेत. वेल मेली का?

बहुतेक मेलेली नाही, गारठली आहे. खोडाची साल नखाने जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. अलामांडा मूळची ब्राझीलकडची. पारा १० अंशांच्या आसपास उतरला की ती वाढ थांबवते आणि पानं टाकते. कुंडीत हे जास्त जाणवतं, कारण जमिनीतल्या मुळांना भोवतालच्या मातीची ऊब असते, कुंडीतली माती मात्र रात्रभर चारी बाजूंनी गार होते. गारठलेली मुळं पाणी कमी ओढतात. पानं गळताना बघून आपण घाबरून रोज पाणी घालतो आणि मुळं कुजतात. थंडीत वेली जातात त्या बऱ्याचदा अशा!

तेव्हा बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा. कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही सकाळी. कुंडी दक्षिणेच्या उन्हात भिंतीला टेकवून ठेवा, बुडाखाली विटा किंवा थर्माकोलचा तुकडा सरकवा. खत आत्ता अजिबात नको. छाटणी फेब्रुवारीअखेर, कारण फुलं नव्या फुटीवर येतात (चीक अंगाला खाजतो, हातमोजे घाला).

मात्र तुम्ही निफाडच्या बाजूला असाल, तर तिथे पारा ५ अंशांखालीही जातो. अशा रात्री आडोसा पुरत नाही, कुंडी घरातच घ्या. आणि साल खालपर्यंत तपकिरी, खोड बुडाशी मऊ लागलं तर वेल गेली समजा.