पेनसिल्व्हेनियात धनुष्याने शिकार शिकू पाहणाऱ्यास

धनुष्य विकत घेण्याआधी जागेचा विचार करा. आमच्या क्लबात सरावाला येणारे तिरंदाज दरवर्षी कमी होत आहेत आणि त्याचे मुख्य कारण, माझ्या मते, हौस आटली हे नसून, शेते विकली गेल्यामुळे किंवा भाडेपट्ट्याने इतरांकडे गेल्यामुळे हात तयार झालेल्या माणसाला हरणासाठी बसायला रानच उरत नाही, हे आहे. धनुष्यावरचा 11 टक्के संघीय कर वन्यजीव संवर्धनाला जातो, त्यामुळे तिरंदाज घटले की रानाचेही नुकसान होते, याची मला खरी काळजी वाटते.

राज्याच्या मालकीची सुमारे 15 लाख एकर गेम लँड्स, म्हणजे वन्यजीव व शिकारीसाठी राखलेली राने, सर्वांना खुली आहेत; सुरुवात तेथून करा. खासगी जमिनीसाठी मात्र हंगाम तोंडावर आल्यावर नव्हे, तर उन्हाळ्यातच मालकाच्या दारी जा, परवानगी लेखी घ्या आणि त्याच्या कुंपणाच्या दुरुस्तीला हातभार लावा. मला माझे रान तिसऱ्या वर्षी असेच मिळाले. परवान्याआधीचे शिकारी-प्रशिक्षण मन लावून पूर्ण करा, आणि वीस यार्डांवरून प्रत्येक बाण तळहाताएवढ्या वर्तुळात बसू लागेपर्यंत जनावरावर बाण सोडू नका.