जुना पिकअप घेतलात? आधी ब्रेक, रंग नंतर

अभिनंदन! गाडी दारात आली की सगळी खोलून ठेवायचा मोह होतो. तो आवरा. अर्धवट खोललेल्या गाड्याच शेवटी भंगारात जातात. माझी पहिली तशीच गेली. एका वेळी एकच काम, काढण्याआधी फोटो, आणि बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. ‘लक्षात राहील’ म्हणाल, पण नाही राहत.

चकचकीत रंगाला भुलू नका. केबिनचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि चासी (गाडीचा सांगाडा) स्क्रूड्रायव्हरने टोचून गंज आहे का बघा. पत्र्यावर लोहचुंबक चिकटत नसेल, तर तिथे बहुधा नुसती पुट्टी आहे.

मग ब्रेक. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक पिकअपमध्ये चारही चाकांना मिळून एकच ब्रेक सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलची एकच वाट, असे. एक होज (ब्रेक ऑइलची नळी) फुटला की पेडल थेट तळाला! म्हणून रबरी होज, व्हील सिलिंडरची (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाची) रबरं आणि ब्रेक ऑइल नवंच घाला. इथे काटकसर नको.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर लगेच स्टार्टर मारू नका:

- स्पार्क प्लग काढून इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पान्याने हळू फिरवा.
- टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याच्या चिकट थराने कार्बुरेटर चोंदतो.

आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, जॅक स्टँड लावायचेच.

कार्बुरेटर ट्यूनिंग, क्रोम वगैरे पुढे बघू. आधी टोचून बघा आणि गंज कुठे सापडला ते कळवा.