हौसिंग उघडण्याआधी : मागच्या अ‍ॅक्सलचा आवाज आणि गळती

प्रश्न : माझी पिकअप आहे, मागच्या चाकांवर चालणारी. टोमॅटो भरून नारायणगावहून माळशेजमार्गे कल्याण-वाशी करते. हल्ली ५०-५५ च्या पुढे गेली की मागून 'हूंऽऽ' असा आवाज येतो. मिस्त्रीने एक चक्कर मारली आणि 'क्राउन-पिनियन गेलं' म्हणून मोकळा झाला. अख्ख्या सेटचा खर्च मोठा. खात्री कशी करायची? (नारायणगाव, जि. पुणे)

उत्तर : मिस्त्रीला एवढंच विचारा, की आवाज अ‍ॅक्सलेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर? हे त्याने पाहिलंच नसेल तर हौसिंगचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचाचा, एकही बोल्ट सैल करू देऊ नका. मागून येणारा 'हूं' टायरचा असू शकतो, चाकाच्या बेअरिंगचा, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागे येणारा लांब दांडा) किंवा खरोखरच डिफरन्शियलचा. डिफरन्शियल म्हणजे हौसिंगमधला गिअरचा संच : शाफ्टकडचा लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो आणि तिथून गती दोन्ही चाकांना जाते. गाडीच्या पोकळ बॉडीत हे चारही आवाज सारखेच घुमतात. सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करा.

आधी टायर. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर चढताना आवाजाचा सूर बदलला, तर संशय टायरवर. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर नक्षी तिरकी झिजली आहे. मापं सारखी असतील तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहा. आवाज पुढे सरकला की क्राउन-पिनियनचा विषय संपला.

मग चाकाचं बेअरिंग. रिकाम्या, सरळ रस्त्यावर ४० च्या वेगात स्टिअरिंग हळूच डावीकडे, मग उजवीकडे द्या. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग. या आवाजाला अ‍ॅक्सलेटरशी देणंघेणं नसतं.

आता डिफरन्शियल. सपाट रस्त्यावर ५५ च्या आसपास तीन गोष्टी करा. एकदा पाय दाबून गाडी ओढवा. मग वेग जेमतेम टिकेल एवढाच पाय ठेवा. शेवटी क्लच न दाबता पाय पूर्ण सोडा. गाडी ओढतानाच किरकिरी शिट्टी आणि पाय सोडताच गप्प, याचा अर्थ क्राउन-पिनियनचे दात ओढणीच्या बाजूने झिजलेत किंवा त्यांची बैठक चुकली आहे. उलट, पाय सोडल्यावरच आवाज येत असेल तर आधी पिनियनचा नट आणि बेअरिंग पाहा. ओढताना पिनियन क्राउनपासून बाहेर रेटला जातो आणि पाय सोडला की आत खेचला जातो. बेअरिंगला प्ले (सैलपणा) असेल तर पिनियन तेवढा पुढे-मागे सरकतो आणि दातांची गाठ बदलते. अशा वेळी बेअरिंग वेळेत बदललं तर सेट वाचू शकतो. तिन्ही अवस्थांत सारखीच जाडसर घरघर असेल तर क्राउनच्या दोन बाजूंची बेअरिंग, नाहीतर पुन्हा चाकांची.

हीच चाचणी त्याच वेगाला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये करून पाहा. आवाज तसाच राहिला तर गडबड गिअरबॉक्सच्या मागे आहे. घाटात मात्र यातलं काहीही करू नका.

'हूं'बरोबर ठराविक अंतराने 'टक्' येत असेल तर तो मोजा. टायरचा घेर सुमारे २.१ मीटर आणि क्राउन-पिनियन ४१ बाय १०, म्हणजे ४.१ ची रेशो धरू. ताशी ५ कि.मी. ला चाक साधारण दीड सेकंदाला एक फेरा घेतं. दीड सेकंदाला एक 'टक्' असेल तर चाक, ड्रम किंवा क्राउनचा तुटका दात. सेकंदाला अडीच-पावणेतीन 'टक्' असतील तर पिनियन किंवा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता जोड). पिनियन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे क्रॉस हाताने हलवून पाहिल्याशिवाय पिनियनला दोष देऊ नका.

जागा नक्की करायला गाडी उचलायची असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा आणि मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर गाडी गिअरमध्ये टाकायची नाही. दोन्ही मागची चाकं अधांतरी हवीत. एकच उचललं तर डिफरन्शियलमुळे ते मीटरवर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट फिरतं, म्हणजे मीटरवर ४० असताना चाक ८० ला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पिनियनच्या नळीवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा, मग हौसिंगच्या दोन्ही टोकांना तसंच ऐका. खराब बेअरिंगची कचकच हाडातून स्पष्ट कळते. फिरत्या शाफ्टजवळ ढगळ शर्ट, गमछा, लोंबती वायर काहीही नको.

एवढं करूनही बोट डिफरन्शियलवरच गेलं तर आधी ऑइल काढून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचं. चमकणाऱ्या पापुद्र्या असतील तर बेअरिंग किंवा दात सोलले जातायत. खडे निघाले तर दात तुटलाय. उघडल्यावर मिस्त्रीने डायल गेज लावून बॅकलॅश (क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक) मोजला पाहिजे. हलक्या गाड्यांत तो बहुधा ०.१० ते ०.२० मि.मी. च्या दरम्यान असतो, अचूक आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. दातांना मार्किंगचा रंग लावून ते एकमेकांना कुठे टेकतात त्याचा डागही बघायला हवा. डाग दाताच्या शेंड्याकडे असेल तर पिनियन बाहेर राहिलाय, मुळाकडे असेल तर फार आत गेलाय, आणि तो फरक पिनियनच्या शिमने (पातळ चकतीने) काढायचा. डाग बाहेरच्या रुंद टोकाला असेल तर क्राउन पिनियनकडे सरकवा, आतल्या अरुंद टोकाला असेल तर लांब न्या. हातानेच हलवून 'प्ले बरोबर आहे' म्हणणाऱ्याकडे सेट बसवू नका, नवा सेटही महिन्याभरात ओरडायला लागेल. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असतात. दोन्हींवरचे जोडीचे नंबर जुळवून घ्या आणि बदलायचे तर दोन्ही मिळून.

प्रश्न : पिनियनचं ऑइल सील वर्षात तिसऱ्यांदा बदललं. दर वेळी दीड-दोन महिन्यांत फ्लँजपाशी (पिनियनला प्रॉपेलर शाफ्ट जोडतात त्या चकतीपाशी) पुन्हा ऑइल, आणि वरचा पत्रा शिंतोड्यांनी काळा होतो. सीलच नकली मिळतंय का? (तासगाव, जि. सांगली)

उत्तर : तिन्ही वेळा नकली निघालं असेल, पण आम्ही आधी ब्रीदर पाहिला असता. हौसिंगच्या वरच्या बाजूला टोपीसारखा किंवा नळीला जोडलेला छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बंद झाला की गाडी चालून तापल्यावर आतली हवा फुगते आणि तिला वाट राहत नाही. आतलं तापमान ३० वरून ९० अंशांवर गेलं तर बंद हौसिंगमध्ये सुमारे ३ पीएसआय दाब तयार होतो. सीलच्या ओठावरून ऑइल ढकलायला एवढा पुरतो. ब्रीदर काढून रॉकेलने धुवा आणि तोंडाने फुंकून पाहा. नळी असेल तर दुमडली आहे का तेही बघा.

दुसरं ठिकाण फ्लँजची मान. जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे आणि त्या खाचेवर कोणतंही सील टिकणार नाही. फ्लँज बदला किंवा मानेवर पातळ स्टीलची बाही चढवून घ्या. तेही मिळत नसेल तर नवं सील एखादा मिलिमीटर अलीकडे बसेल असं पाहा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येतो.

तिसरं, फ्लँज हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. जाणवेल एवढा प्ले असेल तर आधी बेअरिंग, मग सील. लेव्हलही पाहा. गाडी सपाटीवर उभी असताना ऑइल भरणीच्या भोकाच्या खालच्या काठाला लागून असावं. ते भोक मुद्दाम तेवढ्या उंचीवर असतं. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा हिशेब इथे चालत नाही.

आणि सील बदलताना नट कसा आवळला ते विचारा, कारण त्यात गळतीपेक्षा मोठं नुकसान होतं. पुष्कळ हलक्या गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी बुशी असते. नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगला नेमका ताण मिळतो. एकदा जास्त चेपली की नट सैल करून ती परत फुगत नाही, नवीच घालावी लागते. पाना लावून 'होईल तेवढा' नट आवळला की बेअरिंग तापतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये तुमचा प्रश्न वरच्या नारायणगावच्या प्रश्नाला जाऊन मिळतो.

बरोबर पद्धत अशी : दोन्ही ड्रम काढा, म्हणजे ब्रेकची घासणी मध्ये येणार नाही, आणि प्रॉपेलर शाफ्ट सोडवा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढा आणि फ्लँज सावकाश फिरत असताना दिसणारा आकडा लिहून ठेवा. त्रिज्या ५ सें.मी. आणि ओढ ३ किलो असेल तर तो १५ किलो-सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड न्यूटन-मीटर झाला. मग पिनियनचं टोक, नट आणि फ्लँज तिन्हींवर पंचाने खूण करा आणि नटाच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजा. सील सरळ ठोकून बसवा, ओठाला ग्रीस लावा, फ्लँजच्या आतल्या खोबणींना सीलंटचा पातळ हात द्या. पुष्कळदा ऑइल सीलमधून नाही, त्या खोबणींतून नटाखाली येतं आणि दोष सीलला लागतो. नट खुणेपर्यंत आणा आणि पुन्हा दोरी ओढून पाहा. मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं नसेल तर आधीच्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा न्यूटन-मीटर जास्त आला की हात थांबवा. प्रॉपेलर शाफ्टही जुन्या खुणेवरच जोडा, नाहीतर गळती थांबेल आणि थरथर सुरू होईल.

प्रश्न : जीपच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ओलं दिसतं. ब्रेक मारला की गाडी एकीकडे जाते. ब्रेक ऑइल गळतंय की अ‍ॅक्सलचं? (चिपळूण)

उत्तर : काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्या ओलसरपणाचे दोन-तीन थेंब त्यात टाकून ढवळा. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून दिसेनासं होईल. अ‍ॅक्सलचं ऑइल तवंग होऊन वर राहील, शिवाय त्याला गंधकाचा उग्र वास असतो. ब्रेक ऑइल निघालं तर व्हील सिलिंडर गेला आहे आणि गाडी आजच जागेवर उभी करा. अ‍ॅक्सलचं निघालं तरी ब्रेकच्या बाबतीत निश्चिंत होऊ नका. ऑइल प्यायलेला लाइनर पेट्रोलने धुऊन पुसला तरी तापल्यावर पुन्हा पाझरतो. लाइनर दोन्ही चाकांचे बदलावे लागतील.

जीपमध्ये चाक थेट हाफ शाफ्टवर (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) बसत असेल तर शाफ्ट ओढल्यावर बेअरिंग, कॉलर (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) आणि सील बरोबर बाहेर येतात. बॅकप्लेटचे (ब्रेकमागच्या तबकडीचे) चार नट काढूनही शाफ्ट हलत नसेल तर ड्रम उलटा करून स्टडवर सैलसर अडकवा आणि त्यानेच बाहेरच्या बाजूला झटके द्या. महागडा पुलर लागत नाही. नवं बेअरिंग दाबण्याआधी त्या नटांनी आवळली जाणारी, बेअरिंग धरणारी चकती शाफ्टवर घातली आहे ना, ते स्वतः बघा. ती विसरून बेअरिंग आणि कॉलर दाबली की दोन्ही पुन्हा कापून काढावी लागतात. जुनी कॉलर परत वापरायची नाही, ती सुटली तर चाकासकट शाफ्ट बाहेर येतो. शाफ्ट आत घालताना हाताने उचलून धरा, त्याचे दाते सीलच्या ओठावर घासले की नवं सील त्याच दिवसापासून गळतं.

एक विचारतो : गाडी रोज उतारावर, डावीकडे कललेली उभी असते का? तसं असेल तर रात्रभर सगळं ऑइल त्याच सीलवर टेकून असतं. सील बदलेपर्यंत तोंड फिरवून उभी करा.

प्रश्न : सरळ जाताना काही नाही, पण वळण घेताना मागे 'कट्कट्' वाजतं. गाडी सोडताना एक 'धप्'ही येतो. (पेडणे, गोवा)

उत्तर : सरळ रस्त्यावर डिफरन्शियलमधले लहान गिअर आपापसांत फिरत नाहीत, वळणावरच फिरतात. म्हणून फक्त वळतानाचा आवाज बहुधा त्यांचा, त्यांच्या वॉशरचा किंवा मधल्या पिनचा. या सुट्या भागांचं स्पायडर किट वेगळं मिळतं, त्यासाठी क्राउन-पिनियन बदलू नका.

'धप्'चं कारण मात्र बाहेर शोधा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट, शाफ्टचे क्रॉस, सरकत्या जोडाला ग्रीस आहे का, या क्रमाने. यू-बोल्ट सैल असतील तर अ‍ॅक्सल पाट्यांवर सरकतो आणि तो दणका हुबेहूब डिफरन्शियलसारखा वाटतो.

प्रश्न : पुराच्या पाण्यात गाडी अर्धं चाक बुडेल एवढी तासभर होती. चालू आहे, आवाज नाही. काही करायला हवं का? (शिरोळ, जि. कोल्हापूर)

उत्तर : हो, आणि आवाज यायच्या आत. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात गेला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी न हलवता ड्रेन प्लग सावकाश सैल करा. पाणी जड म्हणून आधी तेच येईल. गाडी आधीच चालवली असेल तर ऑइल दुधाळ चहासारखं दिसेल. पूर्ण काढा, नवीन भरा, शंभर-दीडशे कि.मी. चालवून तेही काढा आणि पुन्हा भरा. पिकअप-जीपला एका वेळी साधारण दीड ते अडीच लिटर लागतं. बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे टिपके पडले की घरघर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, आणि तोपर्यंत पुराची आठवण कुणाला राहत नाही. क्रॉसमध्ये जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरा.

प्रश्न : गिअरबॉक्सचं उरलेलं ऑइल मागे घातलं तर चालेल का? (वाशीम)

उत्तर : डब्यावर जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) असेल तर नाही. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरतातही, त्यांना जीएल-५ लागतं. दाटपणा ८०डब्ल्यू-९० की ८५डब्ल्यू-१४० ते गाडीच्या पुस्तकात बघा. उलटही करू नका : जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना काही जीएल-५ ऑइलं खातात.