मों ब्लांच्या शर्यतीत थंडी आणि पाऊस

युटीएमबीला, म्हणजे आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताभोवतीच्या डोंगरी धावण्याच्या शर्यतीला, पहिल्यांदाच जाताना तुमचे सारे लक्ष सुमारे 170 किलोमीटर अंतरावर आणि 10,000 मीटर चढाईवर असणे स्वाभाविक आहे. परंतु 2010 साली हीच शर्यत खराब हवामानामुळे मध्येच थांबवावी लागली होती आणि 2012 साली मार्ग सुमारे 100 किलोमीटरवर आणावा लागला, हेही ध्यानात ठेवा. सह्याद्रीतल्या पावसात भिजत पळण्याचा सराव पायांना उपयोगी पडेल, थंडीला मात्र नाही. अडीच हजार मीटरवरच्या खिंडीत वारा सुटला की ओले कपडे अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतात. म्हणून जॅकेट खिंडीच्या अलीकडेच, अंग गरम असताना चढवा, कारण बोटे बधिर झाल्यावर त्याची चेन लागत नाही आणि ऊर्जा देणाऱ्या खाण्याच्या जेलचे पाकीटही फाडता येत नाही. (जॅकेट हलके हवे, हा हट्ट दुकानातच सोडा.) मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील 100 किलोमीटरच्या शर्यतीत गारपीट आणि सोसाट्याच्या वाऱ्यात 21 धावपटू दगावले, तिथे वारारोधक जॅकेट सक्तीचे नव्हते. अंग गारठलेले असतानाच कुडकुडणे थांबले, तर बरे वाटू लागले असे समजू नका. आडोसा गाठा, आपत्कालीन ब्लँकेट गुंडाळा आणि शिट्टी वाजवून मदत मागा.