रेंज आहे, ताई

*पत्र:*

प्रभूच्या नावाने सलाम. मी भुसावळजवळ राहते, वय 48. मिस्टर रेल्वेत फिटर. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. तेव्हापासून अंथरुणालाच आहेत. सगळं मीच करते. नणंद गावातच असते. ती येते, त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करते आणि जाताना म्हणते, "वहिनी, तुझा विश्वास कमी पडतो म्हणून दादा उठत नाही. पौलाने सांगितलंय, कशाची चिंता करू नका." मंडळीत मात्र सगळे माझं कौतुक करतात. बुधवारची प्रार्थना व्हिडिओ कॉलवर असते, तीस-चाळीस घरं जोडलेली असतात. पाळकसाहेब मला साक्ष द्यायला लावतात, म्हणतात, ताईंच्या घरातली शांती बघा. मी साक्ष देते. पण खरं सांगते, मला शांती नाही. रात्री दोनला त्यांना कुशीवर वळवायला उठते, मग पहाटेपर्यंत टक्क जागी. प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. एकच मुलगा आहे, बंगळूरला नोकरीला. लकवा झाला तेव्हा आठ दिवस येऊन गेला. आता पप्पा काठी घेऊन चालतात असं त्याला सांगितलंय. त्याच्याशी साधाच फोन होतो, घरात रेंज नाही म्हणते. नणंदेला काय उत्तर देऊ? माझा विश्वास खरंच कमी आहे का? देवाची शांती मला कशी मिळेल?

*उत्तर:*

ताई,

नणंदेला काय उत्तर द्यायचं ते मी सांगणार नाही. तिच्यावर या स्तंभातली जागा घालवायची माझी इच्छा नाही. विश्वास मोजायचा काटा तिच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. मी अडकले ते एका वाक्यात, जे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. "घरात रेंज नाही म्हणते."

आणि त्याच्या चारच ओळी आधी तुम्हीच लिहिलंय की दर बुधवारी व्हिडिओवर प्रार्थना असते. तीस-चाळीस घरं तुमचा चेहरा बघतात. रेंज आहे, ताई. चांगली आहे. मंडळीसाठी पुरते, पाळकसाहेबांसाठी पुरते. तुमच्या पोटच्या पोरासाठी तेवढी ती जाते.

बुधवारी फोन कुठे ठेवता? माझा अंदाज सांगते. पुढच्या खोलीत, टेबलावर, मागे वचन लिहिलेली भिंत दिसेल असा. आणि मधला पडदा ओढलेला, म्हणजे पलंग दिसू नये. अंदाज चुकला असेल तर माफ करा. पण चुकला नसावा, कारण मी अशाच एका पडद्याच्या अलीकडे वाढलेली बाई आहे.

मी एकोणीस वर्षांची होते, नर्सिंगच्या ट्रेनिंगला, घरापासून लांब. घरी फोन नव्हता. महिन्याला आईचं आंतरदेशीय पत्र यायचं, त्या निळ्या कागदावर शेवटची ओळ ठरलेली असायची: प्रभूच्या कृपेने घरात शांती आहे, तू अभ्यासाकडे लक्ष दे. मी ती ओळ वाचून निवांत झोपायची. वर्षभरानं सुट्टीला घरी आले तर बाबा मला घ्यायला चाळीसगाव स्टेशनवर उभे होते. मी आधी त्यांना ओळखलं नाही. मग त्यांचा पट्टा दिसला. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली चार नवी भोकं होती आणि उरलेलं टोक कमरेला वळसा घालून पार पाठीमागे गेलं होतं. चार भोकं, ताई. म्हणजे चार वेळा कुणीतरी हातोडी घेऊन बसलं होतं, आणि चारही वेळा मला पत्र गेलं होतं, घरात शांती आहे.

बाबा त्यानंतर एकोणीस दिवस होते.

मी आधी आले असते तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. तो आजार वाचवणारा नव्हता. पण ते वर्षभर मी वॉर्डात परक्या माणसांना कुशीवर वळवत होते, त्यांच्या पाठी पुसत होते, पावडर लावत होते. शिकले होते ना मी. आणि माझ्या बापाची पाठ माझी आई एकटी पुसत होती. तिनं ते माझ्यासाठी केलं, मला माहीत आहे. तिच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. पण ते वर्ष तिनं माझ्याकडून काढून घेतलं, आणि ते मला परत मिळालेलं नाही.

म्हणून तुमचं पत्र वाचून आधी मला राग आला. तो तुमच्यावर आला, हेही सांगते.

आता त्या वचनाकडे येऊ. नणंद सांगते ते बायबलातलं, प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं, सहावं-सातवं वचन. तुम्हाला तोंडपाठ असणार. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून आपली मागणी देवाला कळवा. मग बुद्धीपलीकडची शांती तुमची अंतःकरणं राखील. आपण पहिले चार शब्द उचलतो आणि एकमेकांच्या डोक्यात मारतो. पण त्या वाक्याचं सगळं वजन 'कळवा' या शब्दावर आहे. शांती त्याच्यानंतर येते. जे आहे ते आधी सांगायचं. तुम्ही म्हणता प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. कसे सुचतील? दिवसभर ज्या तोंडानं "पप्पा मजेत आहेत" म्हणायचं, त्याच तोंडानं रात्री दोनला देवाला खरं सांगायचं, हे जमत नाही कुणाला. खोटं बोलायची सवय जिभेला लागली की ती माणूस आणि देव असा भेद करत नाही.

आणि ते अख्खं पत्र एकदा पहिल्यापासून वाचा. बुधवारच्या प्रार्थनेत वाचतो तसं नको. आलेलं टपाल वाचतो तसं वाचा. पौल बेड्यांत आहे, कैदेतून लिहितोय, आणि ते लपवत नाही. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा माणूस येतो. फिलिप्पैच्या मंडळीनं त्याला पौलाच्या मदतीला पाठवलेलं. तो तिथे आजारी पडला, मरायला टेकला. ती बातमी गावी पोहोचली. आपलं आजारपण घरच्यांना कळलं याचाच त्याला घोर लागला. तुमच्यासारखाच जीव, बघा. पौलानं काय केलं? "नाही हो, तो बरा आहे, चालतो फिरतो" असं लिहिलं नाही. सरळ लिहिलं, हा मरणाला टेकला होता. देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. दुःखावर दुःख हे पौलाचेच शब्द आहेत. बुद्धीपलीकडच्या शांतीविषयी लिहिणारा माणूस त्याच पत्रात, दोन अध्याय आधी, हे लिहून मोकळा होतो. आणि चौथ्याच अध्यायात, शांतीच्या वचनानंतर सात वचनं खाली, तो फिलिप्पैकरांना म्हणतो की तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत.

तुमच्या घरात वाटेकरी एकच आहे आणि त्याला तुम्ही दाराबाहेर उभं केलंय.

चिकाटी म्हणजे एकटीनं ओढणं, हे आपल्याकडच्या बायकांच्या डोक्यात कुणी भरलं कोण जाणे. शास्त्रात तर तसं नाही. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात मोशे डोंगरमाथ्यावर हात वर करून उभा आहे, खाली लढाई चाललेली. हात जड झाले. मग त्याला खाली धोंडा दिला बसायला, आणि अहरोन एका बाजूनं, हूर दुसऱ्या बाजूनं, असे त्याचे हात धरून राहिले. सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहिले ते असे, सहा हातांनी. मोशेचा विश्वास कमी पडला असं तिथे एका अक्षरानंही लिहिलेलं नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. चोवीस तासांत बारा वेळा. उजवी बाजू गेलेला गडी माणूस, आणि वळवणारी तुम्ही एकटी. जुनी नर्स म्हणून इथे थोडं थांबते. त्यांना ओढू नका, ओढण्यानं कातडी घासते. खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी एक दुहेरी चादर त्यांच्या खाली कायम घालून ठेवा आणि चादर धरून वळवा. माकडहाड, टाचा आणि कमरेच्या दोन्ही बाजू रोज बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावरही लालीच राहिली, पांढरं पडलं नाही, तर त्या जागेवर त्यांना झोपवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. उन्हाळा तोंडावर आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळिसापर्यंत चढला की घामानं पाठ ओलीच राहते, आणि ओली पाठ लवकर फुटते. चादर धरायला मात्र दोन माणसं लागतात. एक या बाजूला, एक त्या बाजूला.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. तुम्ही मुलाला फोनवर सांगता, पप्पा आता काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. त्या वेळी पप्पा कुठे असतात? पडद्यापलीकडे, दहा फुटांवर. त्यांचं बोलणं अडखळतं, तुम्हीच लिहिलंय. ऐकणं गेलंय असं कुठे लिहिलेलं नाही. ते ऐकतात, ताई. चौदा महिने ते पडल्या पडल्या ऐकतायत की ते चालतात. आपलं हे असं अंग मुलाला दाखवण्यासारखं नाही, एवढाच अर्थ त्यातून त्यांना कळत असेल. त्यांनी चौदा महिन्यांत लेकाचं तोंड पाहिलेलं नाही. लेकाची नवी नोकरी, नवी खोली, त्यानं दाढी वाढवलीय की काढलीय, काही नाही. तुम्ही पोराला वाचवायला निघालात आणि त्यात बापाला पुसून टाकलंत.

बायबलातल्या यिर्मयानं असल्या लोकांविषयी लिहून ठेवलंय, की शांती नसताना हे शांती, शांती म्हणतात आणि जखम वरवर बरी करतात. तो ते संदेष्ट्यांना आणि याजकांना उद्देशून म्हणतो. दर बुधवारी तुमच्याकडून तेच वदवून घेतलं जातंय, आणि तुम्ही दमून इतक्या गेला आहात की नाही म्हणायलाही जोर उरलेला नाही. हे लिहिताना माझा राग उतरला, खरंच सांगते. तुम्ही वाईट नाही आहात. तुम्ही चौदा महिने झोपलेल्या नाही आहात.

एकच काम सांगते. बुधवारच्या आत करा. रविवारी उपासनेहून आलात की करा, पोरगाही त्या दिवशी घरी असेल.

पडदा बाजूला करा. फोन पलंगाजवळच्या स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करा. तुम्ही पलंगावर, त्यांच्या डाव्या बाजूला बसा, त्यांचा डावा हात तुमच्या हातात घ्या, तो हात त्यांना कळतो. त्यांना आधी सांगा की आता पोराला फोन लावतेय. नंतर व्हिडिओ लावा. पोरानं उचलला की प्रस्तावना नको, वचन नको, "घाबरू नकोस" नको. म्हणा, "बाळा, रेंज होती. मी खोटं बोलले. हे बघ पप्पा." आणि गप्प बसा.

तो चिडेल. चिडू द्या. चौदा महिन्यांचा हिशोब मागेल, त्याचा हक्क आहे. रडेल, फोन ठेवून देईल, दहा मिनिटांनी परत लावेल. बहुधा त्याच आठवड्यात कर्नाटक एक्स्प्रेस धरून भुसावळला उतरेल. तेव्हा "कशाला तिकिटाला पैसे घातलेस" हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. त्याला त्या चादरीचं दुसरं टोक द्या. कसं वळवायचं ते एकदा दाखवा, आणि पहिल्याच रात्री दोनची पाळी त्याची. तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन झोपा. त्याला नाही जमलं तर तो हाक मारेल.

रविवारी बापलेकाला मध्ये न पडता बोलू द्या. त्यांचा शब्द अडखळला तर तो तुम्ही पुरा करू नका, त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या. बराच लागेल. फोन आधी पूर्ण चार्ज करून ठेवा.