ताडोब्याला जाताना लॅपटॉप सोबत असेल तर

प्रश्न : डिसेंबरात मंगळवार ते शुक्रवार सहकुटुंब ताडोब्याला जायचे आहे. रजा दोनच दिवसांची मिळाली. उरलेले दोन दिवस ऑफिसचे काम मुक्कामावरून करायचे, त्यात रोज 11 ते 1 व्हिडिओ मीटिंग. मोहर्लीतले रिसॉर्टवाले ‘वाय-फाय आहे’ म्हणतात. तेवढ्यावर भागेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नुसत्या ‘आहे’वर विसंबू नका. वाय-फाय खोलीत पोचते की फक्त रिसेप्शनपाशी, हे विचारा. लाइन फायबरची आहे की राउटरमध्ये सिमकार्ड घातले आहे, तेही विचारा. सिमवाला राउटर दुपारी सगळे पाहुणे सफारीहून परतले की हमखास मंदावतो. सकाळी अकराच्या सुमारास घेतलेल्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागवा आणि त्यात अपलोडचा आकडा बघा. मीटिंगला किमान 3 एमबीपीएस अपलोड स्थिर हवा. डाउनलोड 40 एमबीपीएस असला तरी अपलोड अर्धाच एमबीपीएस असेल तर तुमचा आवाज तुटणारच. शेवटचा प्रश्न विजेचा. दिवे इन्व्हर्टरवर असतात, पण राउटर त्यावर जोडलेला असेलच असे नाही. जनरेटर सुरू होईपर्यंत राउटर एकदा बंद पडला, की पुन्हा चालू व्हायला दोन-तीन मिनिटे जातात.

मोबाइल हॉटस्पॉटचा आधार ठेवणार असाल तर एक फसगत आधीच ओळखा. नांदेडात फोन 5जीवर असतो, अमर्याद डेटाची सवय होते. जंगलालगतच्या गावात तोच फोन 4जीवर उतरतो आणि रोजचे दीड-दोन जीबी मोजले जाऊ लागतात. व्हिडिओ मीटिंग तासाला साधारण एक जीबी खाते, म्हणजे तुमची एक मीटिंग संपेपर्यंत दिवसाचा डेटा संपला! पुढे वेग 64 केबीपीएसवर येतो, त्यात मेलसुद्धा धड उघडत नाही. निघण्यापूर्वी डेटाचे जादा पॅक मारा आणि दुसऱ्या कंपनीचे सिम सोबत घ्या. कंपन्यांचे नेटवर्क-नकाशे उघड्यावरचे नेटवर्क दाखवतात, जाड भिंतींच्या खोलीतले नव्हे. 20,000 एमएएचची पॉवर बँक लॅपटॉपला जेमतेम एक चार्ज देते, तीही 65 वॉटची टाइप-सी असेल तरच.

आमचे मत विचाराल तर कामाचे दोन दिवस मोहर्लीत काढूच नका. ताडोबा मंगळवारी बंद असतो, म्हणून मंगळवार-बुधवार काम आणि गुरुवार-शुक्रवार रजा अशी मांडणी करा. मंगळवारचा मुक्काम चंद्रपुरात ठेवा. चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेमुळे नांदेडकरांना हे गाव नवे नाही. तुम्ही मीटिंगमध्ये असाल तोवर घरचे देऊळ आणि गोंडकालीन परकोट बघून येतील. बुधवारची मीटिंगही तिथूनच उरका आणि मग मोहर्ली गाठा. हॉटेलचे नेट दगा देत असेल तर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठीच्या अभ्यासिका शोधा. दिवसाच्या पैशांवर जागा देतात का, ते फोनवर विचारा. टेबल, प्लग आणि बऱ्याच ठिकाणी वाय-फाय मिळते. पण तिथे बोलायची सोय नसते, म्हणून लिखापढीचे काम तिथे आणि मीटिंग खोलीवर.

सफारीत मोबाइल नेता येत नाही आणि एक फेरी सुमारे चार तासांची असते. तेवढा वेळ ओटीपीही येणार नाही, हे ऑफिसला आधीच कळवा. आणि कळकळीची विनंती : रेंज शोधत संध्याकाळनंतर गावाबाहेरच्या रस्त्यावर चालत जाऊ नका. बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांभोवती वाघ-बिबट्यांचा वावर असतो.

प्रश्न : गौताळ्यात दिवसभर फिरून मधल्या वेळात काम जमेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : अभयारण्यात बसून नाही. घाटात आणि दऱ्यांत रेंज येते-जाते, सीताखोरीसारख्या खोलगट जागी तर भरवसाच नाही. तळ कन्नड गावात ठेवा, पहाटे निघून जंगल बघा आणि मीटिंगच्या तासभर आधी कन्नडला परता. लागणाऱ्या फाइली आदल्या रात्रीच लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा. लॉगिनसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावून घ्या; त्याचे आकडे रेंज नसतानाही मिळतात.